आधी नमुना, मग इंजेक्शन

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकांची उत्तरे

जनावरांच्या जिवाणूजन्य आजारांवर प्रश्न पाठवा, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जनावराला दोन-तीन प्रकारची प्रतिजैविके देऊन झालेली असतात, आणि मग अहवालात काहीच सापडत नाही. म्हणून या वेळी नमुना कधी आणि कसा घ्यायचा यावर जास्त जागा दिली आहे. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या जनावराचे वजन, गाभणपण आणि आधीचे उपचार पाहून तुमच्या पशुवैद्यांनीच ठरवायच्या आहेत.

प्रश्न : आमच्या चौथ्या वेताच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाईच्या मागच्या डाव्या सडाला वारंवार दगडी (कासदाह) होते. दुधाच्या तपासणीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू निघाला. अहवालात पेनिसिलिनपुढे वर्तुळ २६ मिमी आणि ‘आर’ (रोधक), तर जेंटामायसिनपुढे १७ मिमी आणि ‘एस’ (संवेदनशील) असे लिहिले आहे. मोठे वर्तुळ असलेले औषध निकामी कसे? आणि जेंटामायसिन देऊनही पंधरवड्यात पुन्हा गाठी आल्या, ते का? (दूध उत्पादक, संगमनेर)

अहवाल बरोबर आहे. नुसते आकडे छापून हातात दिले की असा गोंधळ होतो, त्यामुळे तुमची शंका रास्तच आहे.

दुधातून वाढवलेले जिवाणू सलाइनमध्ये कालवून द्रावणाचा गढूळपणा एका ठरावीक मापाशी जुळवतात. या मापाला ०.५ मॅकफारलंड म्हणतात. त्यात मिलीलीटरला सुमारे १५ कोटी जिवाणू असतात. हे द्रावण म्युलर-हिंटन आगर या जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमाच्या प्लेटवर सारखे पसरून त्यावर औषधाच्या कागदी चकत्या ठेवतात आणि प्लेट ३५ अंश सेल्सियसला १६ ते १८ तास ठेवतात. चकतीतले औषध भोवती पसरत जाते आणि जिथवर जिवाणू वाढू शकत नाहीत तिथवर स्वच्छ वर्तुळ दिसते. पण प्रत्येक औषधाची पसरण्याची गती वेगळी, चकतीतली मात्रा वेगळी आणि जनावराच्या रक्तात त्याची पातळी किती चढते तेही वेगळे. म्हणून प्रत्येक औषधाची उत्तीर्णतेची रेषा स्वतंत्र असते. स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी पेनिसिलिनचे वर्तुळ २९ मिमी किंवा त्याहून मोठे असले तरच ‘एस’. जेंटामायसिनला १५ मिमी पुरतात. २६ आणि १७ या आकड्यांची आपसात तुलना करायचीच नसते.

पेनिसिलिनच्या बाबतीत वर्तुळाची कडही बघावी लागते. जिवाणू पेनिसिलिन तोडणारे विकर तयार करत असेल तर कड एकदम तुटक आणि ठळक येते, अगदी काठापर्यंत दाट वाढ असते. संवेदनशील जिवाणूची वाढ कडेला हळूहळू विरळ होत जाते. अनुभवी तंत्रज्ञ मापपट्टी लावण्याआधी प्लेट उजेडासमोर धरून ही कड पाहतो.

आता दुसरा भाग. ‘एस’ म्हणजे प्लेटवर जिवाणू वाढू शकला नाही. कासेत तो मरेलच याची हमी त्यात नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस दुधाच्या ग्रंथींत शिरून बारीक गळवे करतो आणि त्यांच्याभोवती तंतुमय ऊतक तयार होते. हाताला लागते ती गाठ हीच. शिवाय जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या आतही तो जिवंत राहतो. जेंटामायसिन रक्तातून कासेत मुळात कमी उतरते आणि पेशींच्या आत तर फारच थोडे जाते. दुधातले मोकळे जिवाणू मेले, गाय बरी दिसली. गळवातले शिल्लक राहिले ते पंधरवड्यात बाहेर आले. हे औषध गाईच्या मूत्रपिंडात कित्येक महिने अंश धरून राहते, हाही त्याचा दोषच.

या जिवाणूत उपचाराला यश येण्याची शक्यता कधी जास्त असते? पहिल्या-दुसऱ्या वेताची गाय, नवा संसर्ग, एकच सड, तोही पुढचा, आणि पेनिसिलिनला संवेदनशील जिवाणू. तुमच्या गाईकडे एक सड सोडले तर यातले काहीच नाही. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : दुधाच्या काळात याच सडावर पुन्हा पुन्हा ट्यूब भरण्यात पैसे घालू नका. या गाईची धार सगळ्यांत शेवटी काढा आणि नंतर हात व भांडी धुवा. आटवताना अहवालानुसार योग्य अशी दीर्घकाळ टिकणारी ट्यूब पशुवैद्यांकडून भरून घ्या. व्यायल्यावर पुन्हा नमुना द्या. त्यातही हाच जिवाणू आला तर ते सड कायमचे आटवणे किंवा गाय कळपातून काढणे, एवढेच पर्याय उरतात. ती गाय मिळेल त्या किमतीला दुसऱ्याच्या गोठ्यात पाठवताना आजार सांगून पाठवा.

प्रश्न : दुधाचा नमुना दोनदा पाठवला. एकदा ‘मिश्र वाढ, नमुना दूषित’ असा अहवाल आला, दुसऱ्यांदा ‘वाढ नाही’. नमुना कसा घ्यावा? (सहकारी दूध संस्था, फलटण)

नमुन्यात तीन किंवा जास्त प्रकारचे जिवाणू वाढले तर ते कासेतले नसून हात, सडाची कातडी किंवा शेण यांतून आलेले असे धरले जाते. अशा अहवालावर औषध ठरवता येत नाही.

नमुना नेहमीच्या धारेआधी घ्या. हात साबणाने धुवा, शक्यतो हातमोजे घाला. कास फार मळलेली असेल तरच सड धुवा, आणि धुतले तर कोरडे पुसा. ओल्या कासेवरून ओघळणारा एक थेंब बाटलीत गेला तरी नमुना वाया जातो. प्रत्येक सडातून तीन-चार पिळ्या वेगळ्या भांड्यात काढून टाका. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने सडाचे टोक चोळा. दर सडाला नवा बोळा घ्या आणि बोळ्यावर मळ दिसेनासा होईपर्यंत पुसा. इथे एक क्रम पाळायचा असतो. पुसताना आधी आपल्यापासून लांबचे सड, मग जवळचे. नमुना घेताना आधी जवळचे, मग लांबचे. म्हणजे पुसलेल्या सडाला आपला हात किंवा बाही घासत नाही. अल्कोहोल वाळू द्या.

निर्जंतुक बाटली आडवी तिरकी धरा, झाकण त्याच हाताच्या बोटांत आतली बाजू खाली करून ठेवा, बाटलीचे तोंड सडाला टेकू देऊ नका. पाच ते दहा मिलीलीटर दूध पुरते. बाटली तोंडोतोंड भरू नका. गाईचा टॅग क्रमांक, सड कोणते, तारीख आणि आधी दिलेली औषधे आधीच चिकटवलेल्या पट्टीवर लिहा. नंतर ओल्या बाटलीवर पट्टी चिकटत नाही आणि चारही सडांची सरमिसळ होते. बाटल्या लगेच बर्फाच्या डब्यात ठेवा आणि २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेल्या नमुन्यात शेणातला एखादा ई. कोलाय दुपटी-चौपटीने वाढून मूळ जिवाणूला झाकून टाकतो.

‘वाढ नाही’ याची कारणे वेगळी. प्रतिजैविक चालू असताना घेतलेला नमुना हे पहिले. ई. कोलायच्या दगडीत गाईच्या पांढऱ्या पेशी बऱ्याचदा एक-दोन दिवसांत जिवाणू संपवून टाकतात. कास सुजलेली आणि दूध पाण्यासारखे असते ते जिवाणूच्या विषामुळे. हे दुसरे. तिसरे म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस रोज सारख्या संख्येने दुधात उतरत नाही, त्यामुळे एका कोऱ्या अहवालावर गाय निर्दोष ठरवू नका. संस्थेने प्रत्येक संकलन केंद्रावर निर्जंतुक बाटल्या, अल्कोहोल आणि बर्फाचा डबा ठेवला तर पहिल्या इंजेक्शनआधी नमुना घेणे सहज जमेल. तेवढे कराच.

प्रश्न : कपडे धुण्याच्या पावडरीने दगडी ओळखता येते असे ऐकले. खरे आहे का? (सत्तरी, गोवा)

खरे आहे. बाहेरून न दिसणाऱ्या, म्हणजे सुप्त कासदाहासाठी ही चाचणी चांगली चालते. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम पावडर विरघळवा. चार सडांसाठी चार उथळ वाट्या घ्या. पहिल्या पिळ्या टाकून प्रत्येक वाटीत साधारण २ मिली दूध आणि तितकेच द्रावण घाला, वाटी गोल फिरवत १०-१५ सेकंदांत निकाल पाहा. दुधात पांढऱ्या पेशी जास्त असतील तर साबण त्या फोडतो, त्यांतला डीएनए मोकळा होऊन मिश्रण चिकट, जेलीसारखे होते. पातळच राहिले तर सड ठीक. कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्टचे, म्हणजे सीएमटीचे, तत्त्व हेच आहे.

पावडरीनुसार फरक पडतो, म्हणून आधी निरोगी गाईचे दूध घेऊन बघा आणि मग तीच पावडर कायम वापरा. व्यायल्यानंतरचे पहिले काही दिवस आणि आटण्याच्या बेतात असलेली गाय, या दोन्ही वेळी पेशी एरवीही जास्त असतात, तेव्हा निकाल फसवा येतो. या चाचणीतून सड बिघडल्याचे कळते, जिवाणू कोणता ते कळत नाही. घट्ट झालेल्या सडाचाच नमुना पाठवा, खर्च वाचेल.

गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यात गोठा सतत ओला असतो. धार काढल्यावर सडाचे छिद्र लगेच मिटत नाही, अर्धा तास ते दोन तास लागतात. ०.५ टक्के आयोडीन आणि ग्लिसरीन असलेल्या द्रावणात सड बुडवा आणि गव्हाणीत चारा टाका, म्हणजे गाय तेवढा वेळ उभी राहील.

प्रश्न : गाईला औषध चालू असताना घरी दह्याचे विरजण लागले नाही. दूध उकळले होते. मग चालेल ना? (ग्राहक-वाचक, नाशिक)

चालणार नाही. विरजणातले जिवाणू दुधातल्या प्रतिजैविकाने मेले म्हणून दही लागले नाही. पेनिसिलिन गटातली औषधे उकळल्याने पुरती नष्ट होत नाहीत. असे दूध संकलनात गेले तर दही-चीज बिघडते, ॲलर्जी असलेल्या माणसाला त्रास होतो आणि आपल्या आतड्यातल्या जिवाणूंना औषधाची सवय लागते. औषधाच्या खोक्यावर दूध किती तास किंवा दिवस वापरायचे नाही ते लिहिलेले असते. शेवटच्या मात्रेपासून तेवढा काळ मोजायचा. ट्यूब एकाच सडात भरली तरी चारही सडांचे दूध बाजूला काढायचे, कारण औषध रक्तात उतरून बाकीच्या सडांतही येते. हे दूध वासरालाही पाजू नका.

प्रश्न : दोन महिन्यांत आमच्या तीन गाई सातव्या-आठव्या महिन्यात गाभडल्या. जार आणि मेलेली वासरे हातानेच काढून उकिरड्यावर टाकली. दोन गाईंची रोझ बेंगाल ही ब्रुसेला जिवाणूसाठीची रक्तचाचणी सकारात्मक आली. सगळ्या गाईंना ब्रुसेलाची लस टोचावी का? भावाला महिनाभर संध्याकाळी ताप येतो आहे, त्याचा याच्याशी संबंध असेल का? (करमाळा तालुका)

आधी भावाचे बघा. आजच डॉक्टरांकडे न्या आणि ‘गाभडलेल्या गाईची जार हाताने काढली’ हे वाक्य न विसरता सांगा. ते सांगितले नाही तर टायफॉइड, मलेरिया, क्षय अशा तपासण्यांत आठवडे जातात. चढउतार होणारा ताप, रात्री घाम, कंबर-सांधे दुखणे ही ब्रुसेलोसिसची, म्हणजे ब्रुसेला जिवाणूच्या आजाराची, लक्षणे आहेत. रक्ताचा नमुना प्रतिजैविक सुरू होण्याआधी घ्यायला सांगा. उपचार किमान सहा आठवडे चालतो आणि मध्येच सोडला तर आजार उलटतो. माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली हा जिवाणू माणसाच्या प्लीहेतून शोधला. गाई गाभडण्याशी त्याच गटातल्या जिवाणूचा संबंध डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ साली दाखवला.

लस सगळ्यांना टोचायची नाही. एस-१९ ही जिवंत जिवाणूंची लस आहे. ती ४ ते ८ महिने वयाच्या कालवडी-पारड्यांना आयुष्यात एकदाच देतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात हीच लस दिली जाते. गाभण गाईला टोचली तर तिच्यामुळेच गाभडण्याचा धोका. नर वासरांना तर देतच नाहीत, वृषणांचा दाह होतो. मोठ्या गाईला टोचली की रोझ बेंगाल चाचणी बराच काळ सकारात्मक येत राहते आणि खरा आजार कोणता, लसीचा परिणाम कोणता, हे वेगळे करणे कठीण होते. टोचणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा घालावा. सुई चुकून हाताला लागली तर त्यालाही डॉक्टरांकडे जावे लागते.

गोठ्यात आता काय? रोझ बेंगाल ही चाळणी चाचणी आहे, म्हणून एलायझा या दुसऱ्या रक्तचाचणीने खात्री करून घ्या. सगळ्या प्रौढ जनावरांचे रक्त एकाच वेळी तपासा. गाभडण्याला लेप्टोस्पायरा हा जिवाणू, आयबीआर या आजाराचा विषाणू अशी इतर कारणेही असतात. पुढची गाय गाभडली तर जारेचा तुकडा आणि मेलेल्या वासराच्या चौथ्या पोटातला द्रव हे सगळ्यांत उपयोगी नमुने आहेत. ते काढणे पशुवैद्यांचे काम आहे, तुमचे नाही. एवढ्या थोड्या द्रवात ब्रुसेला प्रचंड संख्येने असतो.

गाभडलेली गाय वेगळी बांधा. पहिले तीन-चार आठवडे तिच्या स्रावातून सर्वाधिक जिवाणू बाहेर पडतात. जार, वासरू आणि भिजलेले अंथरूण चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना पोचू देऊ नका. तीच ते गावभर नेतात. जमीन आधी खरवडून, धुऊन मगच जंतुनाशक टाका, शेणाच्या थरावर टाकलेले जंतुनाशक वाया जाते. घरातले सगळे दूध उकळूनच प्या, चीकही कच्चा कोणी खाऊ नये. नवी कालवड आणली तर महिनाभर वेगळी ठेवून तपासा आणि व्यायल्यावर पुन्हा तपासा. संसर्ग असूनही पहिल्या विण्यापर्यंत चाचणी नकारात्मक दाखवणाऱ्या कालवडी असतात. बाधित गाय आठवडी बाजारात नेऊ नका, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : घटसर्पाची लस टोचूनही पावसाळ्यात दोन म्हशी गेल्या. लसच खोटी का? (शिरोळ, कोल्हापूर)

बहुतेक वेळा लस चांगली असते, ती बिघडते वाटेत किंवा उशिरा टोचली जाते. घटसर्प आपल्याकडे पाश्चुरेला मल्टोसिडाच्या बी:२ या प्रकारामुळे होतो. हा जिवाणू काही निरोगी जनावरांच्या घशात राहतो. पहिला पाऊस, ओला गोठा, लांबची वाहतूक यांनी जनावर थकले की तो वाढतो. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून ती मे महिन्यात, जून उजाडण्याआधी टोचून व्हायला हवी. गावात मरतूक सुरू झाल्यावर टोचलेल्या जनावरांत काहींना संसर्ग आधीच झालेला असतो.

साठवण २ ते ८ अंशांत हवी. बर्फाच्या कप्प्यात गोठलेली तुरटीयुक्त लस निकामी होते. तिचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि बाटली हलवून ठेवली की झपाट्याने तळाशी बसतात. चांगल्या लसीचा गढूळपणा बराच वेळ टिकतो. पशुवैद्यांकडे हे बघायला मागण्यात काही गैर नाही. तुरटीयुक्त लसीचा प्रभाव चार-सहा महिने, तेलयुक्त लसीचा त्याहून जास्त टिकतो.

घटसर्पात उपचाराची वेळ फार थोडी असते. ताप १०५-१०६ फॅरनहाइट, लाळ, घशाखाली गरम सूज दिसली की लगेच पशुवैद्यांना बोलवा. घरघर सुरू झाल्यावर म्हैस वाचणे कठीण. आजाराच्या सुरुवातीला रक्तात जिवाणू सापडतीलच असे नाही, ते शेवटच्या अवस्थेत रक्तात भरतात. मेलेल्या जनावराचे हृदयातले रक्त आणि पायाचे लांब हाड पशुवैद्य पाठवतात. शव सडू लागले तरी हाडातल्या मगजात पाश्चुरेला दिवसभराहून जास्त काळ शुद्ध सापडतो.

प्रश्न : पाऊस झाल्यावर कोवळ्या चाऱ्यावर सोडलेली धष्टपुष्ट करडे-कोकरे रात्रीत मरतात. प्रयोगशाळेने ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आढळला’ एवढेच कळवले. (सांगोला)

लक्षणे आंत्रविषाराची आहेत, पण एवढ्या अहवालावर निदान पक्के होत नाही. हा जिवाणू निरोगी मेंढीच्या आतड्यातही असतो आणि मेल्यावर काही तासांत भरमसाट वाढतो. सापडायला हवे त्याचे एप्सिलॉन विष. मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर लहान आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना दोरी बांधून आतल्या द्रवासह काढायचा, किंवा द्रव बाटलीत घेऊन दर १० मिलीला एक थेंब क्लोरोफॉर्म टाकून बर्फात पाठवायचा.

कोवळ्या गवतातली आणि धान्यातली साखर-पिष्ट न पचता लहान आतड्यात उतरते, त्यावर डी प्रकारचा जिवाणू वाढतो आणि आतड्यातलेच ट्रिप्सिन त्याचे विष कार्यरत करते. जास्त खाणारे, तगडे पिल्लू म्हणूनच आधी जाते. लस पावसाआधी टोचा, पहिल्या वर्षी दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्या. शेळ्यांत ही प्रतिकारशक्ती मेंढ्यांपेक्षा लवकर ओसरते, त्यांना वर्षातून दोनदा टोचावी लागते. सकाळी वाळका चारा खाऊ घालून मगच सोडा.

प्रश्न : एम.व्ही.एस्सी.ला (पशुवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) कासदाहातील प्रतिजैविकरोधावर संशोधन करायचे आहे. कुठे चुका होतात? (विद्यार्थिनी, परभणी)

पहिली चूक मोजणीत होते. ५० गाईंचे २०० सड तपासले म्हणजे २०० स्वतंत्र नमुने झाले असे नाही. एका गाईची चार सडे एकाच गोठ्यात, एकाच हाताने पिळली जातात. विश्लेषणात गाय आणि गोठा हे स्तर धरा, नाहीतर निष्कर्ष खऱ्याहून जास्त ठाम दिसतात. दुसरी चूक म्हणजे पशुवैद्यांकडे आलेल्या, आधीच औषधे खाल्लेल्या गाईंचेच नमुने घेऊन ‘जिल्ह्यात इतके टक्के रोधक’ असे लिहिणे.

चकती चाचणीच्या प्रत्येक दिवशी प्रमाणित जिवाणू सोबत ठेवा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २५९२३ चे जेंटामायसिनचे वर्तुळ १९ ते २७ मिमीत यायलाच हवे. ते १५ आले तर बहुधा आगर ४ मिमीपेक्षा जाड ओतलेले आहे, द्रावण फार दाट झाले आहे किंवा चकत्यांना दमट हवा लागली आहे. त्या दिवसाचे सगळे वाचन रद्द करा. जड जाते, पण करा. कोणत्या वर्षाची मानके वापरली तेही प्रबंधात लिहा, ती बदलत असतात.

स्टॅफिलोकॉकसमधल्या मेथिसिलिनरोधासाठी फक्त मेक-ए या रोधाच्या जनुकाचा पीसीआर करून थांबू नका. २०११ साली ब्रिटनमधल्या गाईंच्या दुधातून मेक-सी हे वेगळे जनुक पुढे आले, जे जुन्या पीसीआरमध्ये निसटत होते. सेफॉक्सिटिन चकती सोबत लावा. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा रोध चकतीने मोजता येत नाही, ते औषध आगरमध्ये नीट पसरतच नाही. त्यासाठी द्रवातली सौम्यीकरण चाचणी लागते. चीनमध्ये डुकरांतल्या ई. कोलायमध्ये कोलिस्टिनरोधाचे एमसीआर-१ हे एका जिवाणूतून दुसऱ्यात फिरणारे जनुक २०१५ साली जाहीर झाले आणि २०१९ च्या जुलैत भारत सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली, हा संदर्भ तुमच्या विषयाला जवळचा आहे.

वेगळा केलेला प्रत्येक जिवाणू १५-२० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर जपून ठेवा. ब्रुसेलाची शंका असलेला नमुना साध्या प्रयोगशाळेत वाढवू नका, त्याला तिसऱ्या स्तराची जैवसुरक्षा लागते.

या विषयाची मुळे आपल्याच राज्यात आहेत, हेही नोंदवून ठेवा. देशातली इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात सुरू झाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख होते. घातक जंतू माणसांच्या वस्तीपासून दूर हाताळावेत म्हणून १८९३ साली ती कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला हलवली. १८९७ साली जर्मन जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख तिथे जाऊन आले. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

प्रश्न : बैल अचानक मेला, नाकातून काळपट रक्त आले. कातडे काढावे का? (चामोर्शी, गडचिरोली)

अजिबात नाही. शव कापू नका, ओढत नेऊ नका. काळपुळी म्हणजे फाशी (अँथ्रॅक्स) असण्याची शंका आहे. न फाडलेल्या शवात हा जिवाणू कुजण्याच्या क्रियेत काही दिवसांत मरतो. फाडले आणि हवा लागली की तो बीजाणू धरतो आणि ते मातीत दशकानुदशके राहतात. पशुवैद्य कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतील आणि पॉलिक्रोम मिथिलीन ब्लूने रंगवतील. चौकोनी टोकांच्या निळ्या, दांड्यांसारख्या जिवाणूंभोवती गुलाबी आवरण दिसले की निदान झाले. तोवर नाक-तोंड-गुदद्वार जंतुनाशकात भिजवलेल्या कापडाने बंद करा आणि कुत्री, कावळे येणार नाहीत अशी राखण ठेवा. मांस कोणी घेतले असेल तर परत मागवून तेही शवासोबतच जाळा किंवा खोल पुरा. ज्यांनी हात लावला त्यांच्या हातावर न दुखणारी, मध्ये काळी पडणारी पुळी उठली तर त्याच दिवशी दवाखान्यात जायला सांगा. बैल चरत होता त्या जागेवर इतर जनावरे नेऊ नका आणि आसपासच्या गोठ्यांत लसीकरणाची मागणी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लेखी द्या.